चूल कुठे मांडली?
वळिवड्याची छावणी आणि बाल्कनची वाट



संयोजकांनी मला विषय दिला होता बाल्कनचा. तुर्कस्तानातून ग्रीस, तिथून उत्तर मॅसिडोनिया, सर्बिया आणि पुढे हंगेरी नाहीतर बोस्निया-क्रोएशिया, अशी जी वाट गेली दहा वर्षं लाखो माणसं तुडवत आहेत, त्या वाटेवरच्या सरकारी केंद्रांचा आणि झाडाझुडपांतल्या तळांचा अभ्यास कसा करतात, यावर बोला म्हणाले. मी हो म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, एवढ्या लांब जाण्याआधी एक जवळचं काम राहिलंय. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर वर्गात म्हणायचे, जगाचा नकाशा उघडण्याआधी गावाचा सातबारा वाचा. तेव्हा आज आपण कोल्हापूर स्टेशनवर मिरजेची पॅसेंजर पकडू. गूळ मार्केट सोडलं की पुढचं स्टेशन वळिवडे. तिथं उतरू. बाल्कनला संध्याकाळी उशिरा का होईना, पोचू.

१ सप्टेंबर १९३९ला हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसलं, हे शाळेत शिकवतात. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनचं घुसलं, ते शिकवायचं राहून जातं. वळिवड्याला पुढे पोलिश निर्वासितांची छावणी झाली, तिची गोष्ट या दुसऱ्या तारखेपासून सुरू होते. १९४०च्या फेब्रुवारीत, ऐन हिमात, पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मध्यरात्री उठवलं आणि मालगाडीच्या डब्यांत भरून पाठवून दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि पुन्हा १९४१च्या उन्हाळ्यात हेच झालं. सैबेरियाची जंगलं, उत्तरेचं अर्खांगेल्स्क, कझाकस्तानचे उघडे माळ. लाकूडतोड करायची, तर भाकर मिळायची. कोण वाचलं, कोण तिथंच राहिलं, याचा हिशेब आजही इतिहासकारांत पुरता मिटलेला नाही.

मग २२ जून १९४१ला हिटलरने रशियावरच चाल केली आणि कालचे वैरी एका बाजूला आले. ३० जुलैला लंडनमध्ये पोलंडच्या परागंदा सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि रशियाचे राजदूत माइस्की यांनी करारावर सह्या केल्या. त्यातून या पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय होता, ते कुणी विचारलं नाही. जनरल आंदेर्स रशियातच पोलिश फौज उभी करू लागले, तशी तुरुंगांतून, जंगलांतून माणसं दक्षिणेकडे निघाली, आणि फौजेच्या मागोमाग बायकापोरं. १९४२मध्ये दोन खेपांत, मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये, क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून ही माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सैनिक आणि नागरिक मिळून एक लाखाहून जास्त. जी अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली त्यांचे ते कपडे उवांमुळे किनाऱ्यावरच जाळून टाकावे लागले.

इराणमध्ये एवढी माणसं ठेवणं शक्य नव्हतं. फौज पुढे इराक, पॅलेस्टाइन आणि इटलीकडे गेली. नागरिकांची वाटणी जगभर झाली. काही पूर्व आफ्रिकेत, काही मेक्सिकोत, ७३३ मुलं १९४४मध्ये न्यूझीलंडला. भारताच्या वाट्याला जे आले, त्यांतली अनाथ मुलं आधी आली. अश्गाबादहून मशहदमार्गे ट्रकांतून. त्यांच्यासाठी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला जागा दिली. ती गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे. मोठी वस्ती मात्र आपल्याकडे झाली. इराणमधून जहाजाने कराची, कराचीजवळच्या तात्पुरत्या तळांत मुक्काम, आणि तिथून रेल्वेने कोल्हापूर. कराची हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९४३च्या उन्हाळ्यापासून वळिवड्याच्या माळावर माणसं यायला लागली. भरात असताना छावणीत पाच हजारांच्या घरात वस्ती होती. बहुतेक बायका आणि मुलं, थोडे म्हातारे. कर्त्या वयाचे पुरुष फौजेत गेलेले, नाहीतर सैबेरियात पुरलेले. लांबलचक बराकी, वर कौलं. शाळा होत्या, अगदी मॅट्रिकच्या वरच्या वर्गापर्यंत. चर्च, दवाखाना, पोस्ट, स्काउटची पथकं, नाटकं, नाच. छातीचा विकार असलेल्यांसाठी पाचगणीला वेगळी सोय. पोरं पंचगंगेत डुंबत, पन्हाळ्यावर सहली जात. छावणीचा अंतर्गत कारभार पोलिशांच्याच हातात, प्रमुख कॅप्टन यागिएओविच. भारत सरकारच्या बाजूने निर्वासितांचं काम बघणारे अधिकारी कॅप्टन वेब. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा, ज्या पोलिश रेडक्रॉसचं काम बघत.

एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. मी थांबतो ते एका बारीक तपशिलापाशी. वळिवड्यात कुटुंबाला राहायच्या जागेसोबत स्वयंपाकाची जागा होती. माणशी भत्ता मिळे, त्यातून बाजार करायचा आणि आपलं आपण रांधायचं. अनाथालयातल्या मुलांचं जेवण अर्थातच एकत्र व्हायचं, पण घर म्हणून जे राहत होते त्यांना चूल होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? ज्या बाईने दोन वर्षं दुसऱ्याने तोलून दिलेल्या भाकरीच्या तुकड्यावर पोरं जगवली, तिला विचारा. रांगेत उभं राहून वाडगा पुढे करणं आणि बाजारात जाऊन ‘हा कांदा सडका आहे, दुसरा दे’ म्हणणं, यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात माणूस मोजला जातो. दुसऱ्यात तो भांडतो. आपल्याकडे घर वेगळं झालं हे सांगायला ‘चूल वेगळी झाली’ म्हणतात, भिंत वेगळी झाली म्हणत नाहीत. आणि घरातलं कुणी गेलं की शेजारीपाजारी जेवण पाठवतात, कारण त्या घरात चूल पेटत नसते. छावणीत रोज आयतं जेवण मिळणं म्हणजे त्या अर्थाने रोजचंच सुतक. म्हणून मी छावण्यांवरचा कुठलाही अहवाल हातात घेतला की आधी माणसांचा आकडा बघत नाही. चूल कुठे आहे, ते शोधतो.

माझ्या आजीचं माहेर त्या बाजूच्या नदीकाठचं. पोरवयात ती आईबरोबर भाजीची पाटी घेऊन छावणीच्या बाजाराला जायची. ती सांगायची, त्या गोऱ्या बाया वांगी हातात घेऊन उलटसुलट बघायच्या आणि परत ठेवायच्या. कोबी आणि बटाट्यावर तुटून पडायच्या. आणि काहीतरी लाल लाल मागायच्या, ते काय असतं ते हिच्या आईला कळायचं नाही. पुढे कधीतरी बीट बघितल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ही साक्ष इतिहासाच्या कसोटीला उतरणार नाही, हे मला माहीत आहे. आजीला दर वेळी गोष्टीत एक भाजी वाढवायची सवय होती. तरीही दप्तरात जे सापडत नाही ते या गोष्टीत आहे: समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बायका, मधे पाटी, आणि भावावरून चाललेली खाणाखुणांची घासाघीस.

इथं आपल्या अभिमानाला थोडं आवरतो. ‘कोल्हापूरने पोलंडला आसरा दिला’ हे वाक्य आता भाषणांत ठरून गेलंय. १४ सप्टेंबर २०१९ला पोलंडचे परराष्ट्र उपमंत्री इथं आले, वळिवड्याला स्मृतिस्तंभाचा कार्यक्रम झाला. महावीर उद्यानात आधीपासून एक स्तंभ आहेच. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकालाही त्यांनी फूल वाहिलं. चांगली गोष्ट आहे. आपल्या गावाचं नाव लांबच्या एका राजधानीत दगडावर कोरलेलं आहे, याचा आनंद मलाही होतो.

पण १९४३चं कोल्हापूर आठवा. राजाराम महाराज १९४०मध्ये निवर्तले होते. गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल. कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सीकडे आणि रीजन्सीवर ब्रिटिश रेसिडेन्सीची नजर. अशा संस्थानाच्या ‘नाही’ला किती वजन असणार होतं? खर्च मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर पडत होता आणि त्या सरकारला ब्रिटनची उसनवार होती. म्हणजे जागा आपली, पैसा त्यांचा, निर्णय दिल्ली-लंडनचा. आपल्या माणसांनी काय दिलं, तर जमीन, हातांचं काम, दूध-भाजी, आणि परक्याला पाहून दगड न उचलण्याचं शहाणपण. हे शेवटचं मी सगळ्यांत मोठं मानतो. कारण ते आदेशावरून येत नाही.

याच सुमारास बाहेर काय चाललं होतं? छावणी सुरू होण्याच्या सहाच महिने आधी, १३ डिसेंबर १९४२ला, याच संस्थानात गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. पलीकडे सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करत होतं. मुंबई इलाख्यात धान्याचं रेशनिंग आलं होतं, आणि बंगालमध्ये १९४३मध्येच माणसं रस्त्यावर उपाशी मरत होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९४२मध्ये, जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा लाखो भारतीय डोंगर-जंगलांतून चालत आसाम-मणिपूरकडे आले. हजारो वाटेत मेले. त्या वाटांवर गोऱ्यांची सोय वेगळी आणि काळ्यांची वेगळी, असा बोभाटा झाला होता. सरकार एकच. एका निर्वासितासाठी कौलारू बराक, भत्ता आणि शाळा. दुसऱ्यासाठी चिखलाची पायवाट. पोलिश बायकांचा यात काही दोष नाही. त्यांनी जे सोसलं त्यापुढे बराक म्हणजे काय! पण पाहुणा कुणाला म्हणायचं आणि लोंढा कुणाला, हे ठरवणारा कुणीतरी असतो. छावणीचा अभ्यास म्हणजे निम्मा अभ्यास त्या ठरवणाऱ्याचा.

एक गोष्ट राहूनच गेली असती. १८ मे १९४४ला इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिकांनी झेंडा लावला. त्यांत वळिवड्यातल्या कुणाचा नवरा होता, कुणाचा भाऊ. त्याच इटलीच्या आघाडीवर आपली मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याच्या पोस्टाशी उभी असलेली पोलिश बाई आणि कोकणातल्या नाहीतर देशावरच्या खेड्यात पोस्टमनची वाट बघणारी आपली बाई, दोघींचा जीव त्या वर्षी एकाच देशात टांगलेला होता. दोघींना एकमेकींचं नाव कळलं नाही.

युद्ध जिंकलं. पोलिशांनी ते जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढून हरलं. फेब्रुवारी १९४५च्या याल्टा बैठकीत पोलंडचा पूर्वेचा भाग रशियाकडेच ठेवायचं ठरलं, आणि वळिवड्यातले बहुतेक लोक नेमके त्या भागातले. गाव जाग्यावर होतं, देश सरकला होता. जुलै १९४५मध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा पोशिंदा एका दिवसात नाहीसा झाला. पुढचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मदत-पुनर्वसन संस्थेकडे, ‘उन्रा’कडे गेला. १९४६मध्ये बालाचडी बंद झालं तेव्हा तिथली उरलेली मुलंही वळिवड्याला आली. परत जा, असा आग्रह होऊ लागला. थोडे गेले. बाकीच्यांनी विचारलं, कुठे जाऊ? ब्रिटनने १९४७मध्ये पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना वसवण्याचा कायदा केला, तशी बरीच कुटुंबं इंग्लंडला गेली. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, आफ्रिका. अगदी थोड्या मुलींनी इथंच लग्नं केली आणि नऊवारी-सहावारी नेसून कोल्हापूरकर झाल्या. जे मेले ते इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. १९४८मध्ये छावणी रिकामी झाली.

रिकामी झाली, असं पुस्तकांत असतं आणि प्रकरण तिथं संपतं. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

कारण बराकी थंड पडायला वेळच मिळाला नाही. फाळणी झाली होती. सिंधमधून हिंदू कुटुंबं कराचीच्या बंदरावरून जहाजांत बसत होती आणि मुंबईला उतरत होती. मुंबई सरकारने त्यांना इलाखाभर जिथं रिकामा लष्करी तळ, रिकामी बराक असेल तिथं पाठवलं. कल्याणजवळच्या लष्करी तळाचं पुढे उल्हासनगर झालं. तिथं आजही माणसं पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असं म्हणतात. आणि वळिवड्याच्या पोलिश बराकींत सिंधी कुटुंबं आली. त्या वस्तीचं नाव गांधीनगर.

मघाशी कराची लक्षात ठेवायला सांगितलं होतं. पाच वर्षांच्या अंतराने एकाच बंदरातून दोन लोंढे निघाले आणि कोल्हापूरच्या एकाच माळावर एकाच कौलांखाली आले. पहिल्यांना कराची हा वाटेतला मुक्काम होता, दुसऱ्यांचं ते घर होतं. ज्या कोपऱ्यात बीटाचं लाल सूप शिजत होतं, तिथं सिंधी कढी शिजायला लागली. चुलीची जागा तीच. मला तरी कोल्हापूरच्या इतिहासात याहून विलक्षण दृश्य आठवत नाही, आणि यावर आपण स्तंभ उभारलेला नाही.

असं का झालं असेल? पोलिशांनी आठवणी जपल्या. भारतात राहून गेलेल्यांची लंडनमध्ये संघटना झाली, त्यांनी जाडजूड ग्रंथ काढला, म्हातारपणी ते पुन्हा इथं येऊन आपल्या शाळेची जागा शोधत फिरले. वळिवडे हे त्यांच्यासाठी हरवलेलं बालपण होतं. सिंध्यांसाठी ती बराक हरवण्याची नव्हतीच, ती हातात होती. त्यांनी फेरीने कापड विकलं, मग टपरी, मग दुकान. आज गांधीनगर म्हणजे कपड्यांची घाऊक बाजारपेठ. लग्नसराईत कोकणापासून सीमाभागापर्यंतची माणसं तिथं बस्ता बांधायला येतात. आठवणी लिहायला धंद्यातून सवड कुठली? आणि आपणही त्यांना ‘तिकडचे व्यापारी’ म्हणून ओळखलं, ‘आपण आसरा दिलेले’ म्हणून कधी मिरवलं नाही. कारण ते परत गेले नाहीत. गेलेल्या पाहुण्याचं कौतुक सोपं असतं. राहिलेल्याशी गाळ्याच्या भाड्यावरून, पार्किंगवरून, गावठाणाच्या हद्दीवरून रोज वाद घालावे लागतात.

आता बाल्कन. २०१५मध्ये सीरिया, इराक, अफगाणिस्तानातली माणसं या वाटेने निघाली तेव्हा काही महिने सरहद्दी जवळजवळ उघड्या होत्या. त्या सप्टेंबरात हंगेरीने कुंपण घातलं. १८ मार्च २०१६ला युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांचा समझोता झाला, आणि वाट बंद झाल्याचं जाहीर झालं. वाट बंद झाली नाही, ती लपली. ग्रीसच्या सरहद्दीवर इदोमेनी नावाच्या खेड्याच्या रेल्वे रुळांवर दहा हजारांहून जास्त माणसं तंबू ठोकून बसली होती. मे महिन्यात त्यांना उठवलं. बेलग्रेडच्या रेल्वे स्टेशनामागे जुन्या गोदामांत २०१६-१७च्या हिवाळ्यात हजारभर तरुण, बरेचसे अफगाण, राहिले. थंडीपासून वाचायला ते रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर जाळत. त्या लाकडात डांबरी तेल मुरवलेलं असतं, त्याचा धूर छातीत जातो. बोस्नियात बिहाचजवळ वुच्याक इथं तर २०१९मध्ये जुन्या कचरा डेपोवर तळ उभारला, आजूबाजूला मागच्या युद्धातले सुरुंग. ओरड झाल्यावर डिसेंबरात बंद केला. त्याच भागात लिपाचा तळ २३ डिसेंबर २०२०ला जळाला आणि माणसं बर्फात उभी राहिली.

सर्बियात सरकारी केंद्रंही आहेत. गाद्या, डॉक्टर, शाळेची सोय, सगळं कमी-जास्त असतं. मग माणसं ती सोडून जंगलात का राहतात, हा प्रश्न प्रत्येक संशोधकाला पडतो. एक उत्तर सरळ आहे: केंद्रात नोंद झाली की सरहद्दीपासून लांब पाठवतील अशी भीती, आणि वाटाड्या असतो सरहद्दीजवळ. सरहद्द ओलांडण्याच्या प्रयत्नाला ही माणसं ‘गेम’ म्हणतात. इंग्रजी शब्द, पण आता पश्तू, उर्दू, पंजाबी बोलणाऱ्यांच्या तोंडी रुळलेला. आपल्या पंजाबात चोरवाटेने परदेशी जाण्याला ‘डंकी’ म्हणतात, त्याचा हा भाऊ. हा शब्द लांबचा समजू नका. २०२२ संपेपर्यंत भारतीय पासपोर्टवर सर्बियात व्हिसाशिवाय जाता येत होतं, आणि त्या सवलतीचा आधार घेऊन आपल्याकडचीही पोरं त्या जंगलात पोचली होती. १ जानेवारी २०२३पासून ती सवलत गेली.

दुसरं उत्तर मला चुलीपाशी सापडतं. बऱ्याच सरकारी केंद्रांत जेवण ठेकेदाराचं येतं आणि स्वतः रांधायला जागा नसते. आगीची भीती, नियम, विमा. बाहेर पडक्या गोदामात मात्र दहा जण मिळून डब्याच्या पत्र्यावर रोटी भाजतात. नियमाच्या दृष्टीने केंद्र चांगलं आणि गोदाम वाईट. माणसाच्या दृष्टीने हिशेब इतका सरळ नाही. बेलग्रेडजवळच्या क्रन्याचा या केंद्राची गोष्ट ऐकताना मला गांधीनगर दिसतं. त्या बराकी मुळात बांधकाम मजुरांच्या. १९९०च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा क्रोएशिया-बोस्नियातून आलेले सर्ब निर्वासित तिथं राहिले. मग अफगाण, सीरियन आले. एकदा बराक बांधली की ती रिकामी राहत नाही. इतिहास कुणाला ना कुणाला तिथं पाठवतोच.

चुलीची ही मोजपट्टी घेऊन मी बरीच वर्षं खूश होतो. एका दिवाळीनंतर ती माझ्या हातात मोडली. कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात, हे तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, एका जोडप्याला एक ‘कोयता’ म्हणतात. माणसांना अवजाराचं नाव! रिकाम्या रानात चटया आणि बांबूंच्या कोप्या उभ्या राहतात, तीन दगडांची चूल मांडली जाते, पहाटे तीनला भाकऱ्या थापून बाई फडात जाते. पाच-सहा महिन्यांचा तळ. चूल स्वतःची, पीठ स्वतःचं, कुणाच्या रांगेत उभं राहायचं नाही. माझ्या मोजपट्टीने हा तळ वळिवड्याच्या बरोबरीचा ठरतो! आणि तिथं पाणी लांबून आणायचं, संडास नाही, पोराची शाळा गावी सुटलेली. साखरशाळा असेल तर असेल. म्हणजे चूल एकटी पुरत नाही. वळिवड्यातल्या चुलीमागे भिंत होती, शाळा होती, आणि काही झालं तर तक्रार करायला आपला माणूस होता. कोपीतल्या चुलीमागे मुकादमाची वही आहे.

याच्या उलटंही बघितलंय. ऑगस्ट २०१९च्या महापुरात एका शाळेतल्या निवारा केंद्रात मी पंधरा दिवस कामाला होतो. शिरोळ तालुक्यातली माणसं होती. अन्न उदंड आलं. गावोगावाहून पुऱ्या, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. चौथ्या दिवशी एका वयस्क बाईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “दादा, सगळं मिळतंय, तक्रार नाही. तेवढा एक स्टो मिळंल का? नातवाला माझ्या हातचा भात पायजे.” स्टोव्ह देता येईना, कारण वर्गखोलीत आग नको, हे बरोबरच होतं. मग शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चार विटा मांडल्या. दुसऱ्या दिवशी तिथं बायकांची रांग, आणि कुणाचा नंबर आधी यावरून चांगलंच भांडण. त्या आठवड्यात त्या केंद्रात पहिल्यांदा मोठमोठ्याने आवाज आले. मला बरं वाटलं.

हे सगळं आज दसरा चौकाच्या परिसरात बोलतोय, त्यालाही अर्थ आहे. शाहू महाराजांनी १९०१पासून या गावात एकेका समाजाच्या पोरांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम, १९०८मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बाहेरून आलेल्याची सोय म्हणजे नुसती ताटलीभर भात नव्हे, त्याच्या पुढच्या दहा वर्षांची सोय, हे या गावाला वळिवड्याच्या आधीपासून ठाऊक होतं. त्या बोर्डिंगांनी वेगवेगळ्या चुली मांडल्या म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. ती टीका मला पटते आणि नाहीही. पण तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे, अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघत आहेत.

शेवटी एक मागणं. छावणीची पोलिश बाजू छापलेली आहे. ब्रिटिश बाजू दप्तरांत आहे. आपली बाजू तुमच्या घरांत आहे. माळ कुणाकुणाचा होता आणि मोबदला किती मिळाला? बराकींच्या भिंती कुणी बांधल्या? जळण कुठून यायचं, दूध कोण घालायचं, कपडे कोण धुवायचं? १९४८मध्ये पोलिश गेले आणि सिंधी आले, त्या मधल्या दिवसांत त्या खोल्यांत कोण होतं? आणि पहिल्या सिंधी कुटुंबाला पहिलं जळण कुणी उधार दिलं? वळिवडे, उचगाव, गडमुडशिंगी, रुकडी या बाजूचं कुणी आलं असेल, गांधीनगरचं कुणी असेल, तर बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. आजी-आजोबांकडून जे काही ऐकलं असेल ते दोन ओळींत लिहा, गावाचं नाव घाला, फोन नंबर घाला. खरं-खोटं नंतर बघू. पेन दोरीने बांधलेलं आहे, कारण मागच्या वर्षी दोन गेले.